आधी गटाचा इतिहास, मग वाटणी: सोलापूर जिल्ह्यातल्या जमीनदार कुटुंबांसाठी वारसा आणि कराचं नियोजन

गावाकडं वीस-पंचवीस एकर ऊस किंवा द्राक्षबाग, शहरात एखाद्या पेठेत जुना वाडा, होटगी रस्त्याला दोन गाळे, पुण्यात मुलाचा फ्लॅट. सोलापूर जिल्ह्यात अशी मिळकत असलेली बरीच घरं आहेत. यांना पैशाची चणचण फारशी नसते, अडचण असते ती कागदांची. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं. वाटणी झालेली असते, पण तोंडी. बहिणींना कुणी विचारलेलं नसतं. आणि जमिनीला भाव आला किंवा भूसंपादनाची नोटीस आली की सगळं एकदम वर येतं.

सल्ला विचारायला आलेला माणूस बहुधा पहिल्याच वाक्यात म्हणतो, "मृत्युपत्र करू की बक्षीसपत्र?" माझ्या मते हा प्रश्न फार पुढचा आहे. आधी विचारायचं ते हे: हा गट आपल्या घरात आला कसा? तुमचा अधिकार किती, मुलींचा हिस्सा किती, कर कुणाच्या नावावर, यातलं जवळजवळ सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

पहिलं काम: गटागणिक एक कागद

प्रत्येक गटासाठी वेगळा कागद घ्या. त्यावर गट नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा), भोगवटादार वर्ग, इतर हक्कातल्या नोंदी, सोसायटीचा बोजा, पाण्याचा स्रोत, प्रत्यक्षात कसतं कोण, आणि जवळच्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीपासूनचं अंतर लिहा. सातबारा आणि आठ-अ तर लागतातच, पण खरी माहिती फेरफारात असते. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशी फेरफार क्रमांक दिलेला असतो. तो काढा, त्यातून त्याच्या आधीचा काढा, आणि असं मागं जात गटवारी होण्याआधीच्या सर्व्हे नंबरापर्यंत पोचा. जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर मिळाले तर ठीक, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. शहरातल्या वाड्यासाठी नगर भूमापनचं मिळकत पत्रिकेचं, म्हणजे प्रॉपर्टी कार्डचं काम वेगळं करावं लागतं.

फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ही महसुलाची नोंद आहे, ती शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे सांगते. मालकी ठरते खरेदीखत, वाटणीपत्र, हुकूमनामा किंवा वारसा यांवरून. सर्वोच्च न्यायालयानं हे वारंवार सांगितलं आहे. तरीही गावात "सातबाऱ्यावर माझं नाव आहे" एवढ्यावर भाऊ भावाशी बोलायचा थांबतो.

मयताचं नाव अजून चालत असेल तर आधी वारस नोंद उरका. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे तलाठी) कळवायचं असतं. अर्ज ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. नोटिसीचे १५ दिवस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत मयतांची नावं काढून वारसांची लावण्याचं काम राज्यभर हाती घेतलं गेलं. आपल्या गावात त्या वेळी नोंद झाली असेल, तर सगळ्या वारसांची नावं आली का हे नीट तपासा. बहिणीचं नाव राहून जाणं हा प्रकार फार पाहायला मिळतो.

वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित

गावात "वाडवडिलांची" म्हटलं की ती वडिलोपार्जित, असं धरलं जातं. कायदा तसं धरत नाही. आजोबांनी स्वतःच्या पैशानं घेतलेली जमीन १९५६ नंतर त्यांच्या मृत्यूनं तुमच्या वडिलांना वारसानं आली असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ नुसार ती वडिलांची वैयक्तिक मिळकत ठरते. १९८६ च्या चंदर सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. अशा जमिनीवर नातवाचा जन्मतः हक्क नाही, आणि वडील ती हवी त्याला मृत्युपत्रानं देऊ शकतात. याउलट पिढ्यान् पिढ्या एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आलेली जमीन असेल, तर वडिलांच्या हातात फक्त स्वतःचा हिस्सा असतो. लिंगायत आणि वीरशैव कुटुंबांना वेगळा कायदा लागतो, असा एक समज आपल्याकडं आहे. तो चुकीचा आहे; १९५६ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये त्यांचा नावानिशी उल्लेख आहे.

हिशेब कसा पडतो ते बघा. समजा मोहोळ तालुक्यात २० एकर वडिलोपार्जित जमीन आहे आणि घरात आई, वडील, दोन मुलगे, एक मुलगी. वाटणी झाली तर पाच हिस्से होतात आणि प्रत्येकाला ४ एकर येतात. वडील मृत्युपत्रानं देऊ शकतात ते या ४ एकरांपुरतंच. मृत्युपत्र न करता ते गेले, तर त्यांचे ४ एकर आई आणि तीन मुलं यांच्यात एकेक एकर वाटले जातात (आजी हयात असेल तर तिचाही वाटा येतो). म्हणजे शेवटी चौघांना पाच-पाच एकर. हीच २० एकर वडिलांनी स्वतः खरेदी केलेली असती, तर सगळीच्या सगळी एका मुलाला देण्याचाही अधिकार त्यांना होता.

मुस्लिम कुटुंबांत हा हिशेब लागू नाही. तिथं जन्मतः हक्क नसतो, आणि बाकी वारसांची संमती नसेल तर एकतृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्रानं देता येत नाही. हयातीत द्यायची असेल तर हिबा, म्हणजे मुस्लिम कायद्यातलं बक्षीस. त्यात देणं, स्वीकारणं आणि ताबा या तिन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत.

मुलींचा हिस्सा टाळून कोणतंही नियोजन टिकत नाही

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात होते की नाही, यावरून बरीच वर्षं गोंधळ होता. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं तो संपवला: मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी झालेली वाटणी, कोर्टाचा हुकूमनामा किंवा केलेली विक्री मात्र उलटत नाही. "आमची वाटणी १९९० लाच तोंडी झाली होती" हा बचाव कोर्ट सहजासहजी मान्य करत नाही. त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय. पण तो तिनं समजून, आपला हिस्सा किती एकर आणि आजच्या भावानं किती रुपयांचा हे माहीत असताना घ्यावा. लग्नाच्या किंवा दिवाळीच्या धामधुमीत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन अंगठे घेतलेली हक्कसोडपत्रं पुढं कोर्टात जातात, आणि दहा-पंधरा वर्षं जमीन अडकून पडते. तिला रक्कम द्यायची ठरली असेल तर ती चेकनं द्या आणि दस्तात लिहा. पैसे घेऊन सोडलेला हक्क हस्तांतर ठरतो. जमीन शहरालगतची असेल तर बहिणीला भांडवली नफ्याचा कर विचारला जाऊ शकतो, हे तिला आधीच सांगा.

एक नेहमीची चूक: वडील हयात असताना, त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर मुलीकडून हक्कसोड लिहून घेणं. तिथं तिचा हक्क अजून जन्मलेलाच नाही, त्यामुळं सोडायला काही नाही. असा कागद कामाला येत नाही.

कोणता दस्त कुठं

आता पहिल्या प्रश्नाकडं येऊ.

बक्षीसपत्र वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीसाठी. शेतजमीन आणि राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार त्याशिवाय. भाऊ आणि हयात मुलाची पत्नी या यादीत नाहीत. दुकान-गाळेही या सवलतीत नाहीत. बक्षीस एकदा झालं की परत फिरवता येत नाही, म्हणून वयस्कर आई-वडिलांना मी आग्रहानं सांगतो: दस्तात "देणाऱ्याचा सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याची सोय घेणाऱ्यानं करायची" ही अट शब्दशः घाला. ही अट मोडली, तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून ते बक्षीस रद्द करून घेता येतं. वीस शब्दांच्या या ओळीमुळं कित्येक म्हाताऱ्यांचं छप्पर शाबूत राहिलेलं आहे. एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा मात्र बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. तोच हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो.

हक्कसोडपत्र फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होतं, आणि त्याची नोंदणी लागतेच.

वाटणीपत्र: सगळे सहमत असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र आहे, आणि नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मे २०२५ मध्ये घेतला. पूर्वी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये लागत. पैसे वाचवायला नोंदणी टाळायचं कारण त्यामुळं उरलेलं नाही.

वाटणीआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि तुकडेबंदी, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला असलेली बंदी, तपासा. प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे. एक एकर (४० गुंठे) जिरायत तीन भावांत साधारण सव्वातेरा-सव्वातेरा गुंठे करून वाटता येणार नाही. दोन तुकडे पाडून तिसऱ्याला दुसरा गट किंवा रक्कम द्यावी लागेल.

विहीर, पाळी आणि वाट

वाटणीपत्रात क्षेत्र काटेकोर लिहितात आणि पाण्याला "विहीर सामाईक" एवढ्या दोन शब्दांत उरकतात. दुष्काळी जिल्ह्यात खरी मिळकत पाणी आहे. त्यामुळं इथं हात राखून लिहू नका. अमुक गटातल्या विहिरीत तिघांचा प्रत्येकी एकतृतीयांश हिस्सा. पाळी अशी: सोमवार-मंगळवार थोरला, बुधवार-गुरुवार मधला, शुक्रवार-शनिवार धाकटा, रविवार आळीपाळीनं. विजेचं कनेक्शन कुणाच्या नावावर, बिल कसं वाटायचं, नवी मोटर बसवायची तर परवानगी लागते का. गाळ काढायचा खर्च समान. पाइपलाइन ज्याच्या शेतातून जाते त्यानं ती उखडायची नाही, फुटली तर दुरुस्तीला जाऊ द्यायचं. उजनीच्या कालव्यावरून किंवा भीमा-सीनेवरून उचललेलं पाणी असेल तर परवाना कुणाच्या नावावर आणि बाकीच्यांचा हक्क किती, तेही लिहा. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर नोंदवून घ्या.

वाटेचंही तसंच. ऊस बाहेर काढायला ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढी रुंदी फुटात लिहा आणि मोजणी नकाशावर ओढून घ्या. पुढं वाद झालाच तर महसूल संहितेचं कलम १४३ आणि मामलतदार न्यायालय कायदा १९०६ आहेत, पण तोवर उसाची तोड टळलेली असते.

वर्ग दोन, कूळ, देवस्थान

यादीत "भोगवटादार वर्ग २" दिसलं की थांबा. आपल्याकडं उजनी प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या पुनर्वसनाच्या जमिनी, वतनाच्या आणि कुळकायद्यानं मिळालेल्या जमिनी यात येतात. विक्रीला परवानगी किंवा नजराणा लागतो. देवस्थान इनामाची जमीन तर व्यवहारात आणायचीच नाही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही, त्यामुळं जमीन कंपनीच्या किंवा भागीदारी फर्मच्या नावावर टाकण्याच्या कल्पना मनातून काढा. सिलिंगची, म्हणजे जमीन धारण करण्याची कमाल मर्यादा कुटुंबाला बारमाही बागायत १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर. बायकोच्या नावावर घेतलेली जमीनही कुटुंबात मोजली जाते.

दरवर्षीचा प्राप्तिकर

वारसा कर आपल्याकडं नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली. संपत्ती कर २०१५ पासून बंद. शेतीचं उत्पन्न करमुक्त. पण "शेतकरी आहे, कर नाही" एवढ्यावर गाळ्यांचं भाडं आणि धंदा असलेल्यानं थांबू नये. इतर उत्पन्न मूळ सूटमर्यादेपेक्षा जास्त आणि शेतीचं उत्पन्न ५,००० पेक्षा जास्त असेल, तर दर ठरवण्यासाठी शेतीचं उत्पन्न मिळवलं जातं.

नव्या कररचनेचे २०२५-२६ चे दर घेऊ. भाडं-धंद्याचं करपात्र उत्पन्न १४ लाख आणि शेतीचं निव्वळ १० लाख. एकूण २४ लाखांवर कर येतो ३,००,००० रुपये. शेतीचे १० लाख अधिक सूटमर्यादेचे ४ लाख, म्हणजे १४ लाखांवर कर ९०,०००. फरक २,१०,००० भरायचा, वर ४ टक्के उपकर. शेती मिळवली नसती तर ९०,००० च भरावे लागले असते. सातबाऱ्यावर चार सहहिस्सेदार असतील आणि उत्पन्न खरोखर चौघांत वाटलं जात असेल, तर प्रत्येकानं आपापला हिस्साच दाखवायचा. एकाच्या विवरणपत्रात सगळं घालायचं कारण नाही.

दूध, कोंबड्या, मोबाइल टॉवरचं भाडं, मंगल कार्यालयाला दिलेली जागा हे शेती उत्पन्न नाही. खंडानं दिलेल्या शेतीचा खंड शेती उत्पन्नच, रोपवाटिकेचंही. पुरावा म्हणून कारखान्याची उसाची बिलं, सिद्धेश्वर बाजार समितीतल्या कांद्याच्या आडत पट्ट्या, खत-औषधांची बिलं जपा आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, स्वतः करा. सातबाऱ्यावर डाळिंब नाही आणि विवरणपत्रात डाळिंबाचे ३० लाख, अशा फाइलींवर प्रश्न हमखास येतो.

एकत्र कुटुंबाची (एचयूएफची) वेगळी प्राप्तिकर फाइल वडिलोपार्जित भाड्याच्या उत्पन्नासाठी उपयोगी आहे. स्वतःची मिळकत त्यात टाकली तर उत्पन्न परत तुमच्याच नावात मिळवलं जातं. पत्नीला बक्षीस दिलेल्या गाळ्याच्या भाड्याचंही तेच. आणि एकत्र कुटुंबाची अर्धवट वाटणी प्राप्तिकर मान्य करत नाही, पूर्ण वाटणी करून तसा आदेश घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाल्यानं १९६१ च्या कायद्यातले कलमांचे आकडे बदलले. सल्लागाराशी बोलताना कोणत्या कायद्याचं कलम हे स्पष्ट विचारा.

विक्री: सहा किलोमीटरचा प्रश्न

ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण कोणती, हे हद्दीपासूनच्या सरळ हवाई अंतरावर ठरतं. शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेनुसार लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर २ किमी, १ ते १० लाखांपर्यंत ६ किमी, त्यापुढं ८ किमी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर ९,५१,५५८. म्हणजे सोलापूरला ६ किमी. बार्शी तेव्हा लाखाच्या वर होती, तिला ६; पंढरपूर लाखाच्या जरा खाली, त्याला २. नव्या जनगणनेत सोलापूरनं दहा लाख ओलांडले, तर ते आकडे प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आर्थिक वर्षापासून शहराभोवतीचा पट्टा ८ किमीचा होईल. सहा ते आठ किमीत जमीन असलेल्यांनी विक्रीचा विचार करताना हे ध्यानात ठेवावं. रस्त्यानं मोजलेल्या अंतराचा दाखला पुरत नाही. हद्दीच्या नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं अंतर हवं.

कर लागणारी जमीन असेल तर तो वाचवायचे तीन मार्ग. दोन वर्षं तुम्ही किंवा आई-वडिलांनी कसलेली असेल, तर विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्या (१९६१ च्या कायद्याचं ५४ब). ती तीन वर्षं विकू नका. सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवा. किंवा राहतं घर घ्या, त्याच्या अटी वेगळ्या आहेत. २००१ च्या आधीपासूनच्या जमिनीची खरेदी किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावानं धरता येते, पण त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. मूल्यांकन आधी करून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून) २० टक्के आणि त्याशिवाय १२.५ टक्के, यातला कमी कर भरायचा. बिनशेती करून प्लॉट पाडून विकले तर तो धंदाही ठरू शकतो, म्हणून लेआउटच्या आधीच सल्ला घ्या.

इसार रोखीत २०,००० किंवा त्याहून जास्त घेऊ नका. जेवढी रोख तेवढाच दंड.

भूसंपादन

सुरत-चेन्नई महामार्गासाठी बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागात मोजण्या झाल्या तेव्हा कित्येक घरांना कळलं की सातबारा जुना आहे. मोबदला नोंदीतल्या नावांना जातो. वारसांत वाद असेल तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडं पाठवलं जातं आणि पैसा तिथंच पडून राहतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मिळालेल्या मोबदल्यावर कलम ९६ खाली प्राप्तिकर नाही. वाढीव मोबदल्यावरचं व्याज हा वेगळा विषय, त्याचा हिशेब वेगळा मागून घ्या.

मृत्युपत्र

मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि मिळकतीत हिस्सा नसलेले घ्या. "माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत" असं मोघम लिहू नका. गट नंबर, विहिरीतला हिस्सा, कारखान्याचे शेअर्स, लॉकर, सोनं, ठेवी, देणी सगळं नावानिशी. वय झालं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. सोलापुरातल्या मिळकतीला प्रोबेटची (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची) सक्ती नाही. आईचंही मृत्युपत्र करा, हे घरोघरी राहून जातं. मूल नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकमाईची मिळकत नवरा नसेल तर आधी नवऱ्याच्या वारसांकडं जाते, तिच्या आई-वडिलांकडं नाही.

परदेशातला मुलगा

अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. तो येईपर्यंत वाटणी अडवून ठेवू नका. तिकडच्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र मागवा आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या. त्यात गट नंबर आणि वाटणीपत्रावर सही करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा. नुसत्या "सर्व व्यवहार पाहणे" या शब्दांवर दुय्यम निबंधक दस्त परत करू शकतात. त्याच्या वाट्याची शहरातली मिळकत विकली तर खरेदीदाराला स्रोतावर कर कापावा लागतो, आणि पैसे एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात.